ओळख परेड

कॉलनीच्या ग्रुपवर ती क्लिप आली तेव्हा अनुया रुग्णालयात सासूबाईंच्या उशाशी बसलेली होती. अकरा सेकंदांची क्लिप. आदर्श नगरमधली त्यांचीच गल्ली, सकाळचे पावणेसात, मंदिरातून परतणाऱ्या शकुंतलाबाई आणि मागून येणारी मोटारसायकल. मागे बसलेला मुलगा हात लांबवतो, गळ्यातली साखळी धरतो, पण साखळी झटक्यासरशी तुटत नाही. चार-पाच पावलं शकुंतलाबाई गाडीबरोबर ओढल्या जातात. मग साखळी तुटते, त्या उजव्या खांद्यावर आपटतात आणि गाडी चित्राबाहेर निघून जाते.

अनुयाने ती क्लिप त्या दिवशी निदान चाळीस वेळा पाहिली असेल. शेजारच्या पलंगावर सासूबाई गुंगीत होत्या, खांद्यात सळई घातलेली, ओठ कोरडे. त्यांच्याकडे पाहायचं, मग पुन्हा फोनकडे. दुसरं काही सुचत नव्हतं.

जखमा पाहणं हाच खरं तर अनुयाचा रोजचा धंदा. ती एका सरकारी रुग्णालयात मेडिकल ज्यूरिस्ट होती; पोलिसांनी आणलेल्या माणसांना तपासायचं, कुठे किती लागलंय, कशाने लागलंय, कधी लागलंय ते कागदावर लिहायचं. चौदा वर्षांत तिने आरोपी पाहिले, फिर्यादी पाहिले, मुडदे पाहिले. घरी आल्यावर हात धुतले की विषय संपायचा. ही जखम मात्र घरातली होती.

ग्रुपवर संदेशांचा पाऊस पडत होता. कॉलनी समितीचे अध्यक्ष खंडेलवालजी, एरवी पाण्याच्या टँकरविषयी लिहिणारे सज्जन गृहस्थ, त्यांनी लिहिलं, ‘पकड़ में आए तो पैर सलामत नहीं बचने चाहिए.’ त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. अनुयानेही अंगठा दाबला. दाबताना हात अडखळला नाही. उलट जरा बरं वाटलं.

शकुंतलाबाई मूळच्या अमरावतीच्या. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलेलं. मुलगा जयंत विमा कंपनीत अधिकारी. त्याची बदली जयपूरला झाली तशा त्याही आल्या, आणि सहा वर्षांत त्यांनी आपल्या वऱ्हाडी हिंदीवर गल्लीभर मैत्रिणी जमवल्या होत्या. घरी परतल्यावर मात्र त्यांनी पुढची खोली सोडली. मोटारसायकलचा आवाज आला की मान खांद्यात जायची. मैत्रिणी भेटायला आल्या तर “झोपल्या म्हणून सांग” म्हणायच्या. आणि रोज संध्याकाळी जयंत चपला काढतो न काढतो तोच आतून प्रश्न यायचा.

“सापडला का रे?”

“शोधतायत, आई.”

“शोधून नाही राहिले. चहा पिऊन राहिले ते.”

तेराव्या दिवशी, गुरुवारी, पोलीस निरीक्षकांचा फोन आला. एक जण सापडला होता. हंसराज नाव, वय तेवीस, जयपूरबाहेरच्या बस्सीच्या पलीकडच्या एका गावचा. साखळीचा अर्धा तुकडा त्याच्या खोलीत मिळाला. गाडी चालवणारा पळाला होता. जयंतने फोन स्पीकरवर टाकला. “मॅडम तो अपने ही डिपार्टमेंट की हैं,” असं म्हणून निरीक्षक हसले. “आप निश्चिंत रहिए, अच्छे से पूछताछ हो रही है.”

‘अच्छे से’ या शब्दांवर त्यांनी दिलेला जोर अनुयाला ऐकू आला. तिला तो कळलाही. ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने रुग्णालयात लेखी कळवलं की या प्रकरणातला आरोपी आला तर आपण तपासणार नाही, फिर्यादी घरची आहे. नियमाला धरून होतं. शनिवारी हंसराजला आणलं तेव्हा तिच्या हाताखालच्या डॉक्टर अभिनवने त्याला तपासलं. अभिनव अजमेरचा, हुशार, अदबीने वागणारा. दुपारी कॅन्टीनमध्ये अनुयाने उगाच विचारल्यासारखं विचारलं, “झालं का त्याचं?”

“झालं मॅडम. काही विशेष नाही,” तो म्हणाला आणि समोशाकडे पाहू लागला.

अनुयाने आणखी विचारलं नाही. पुढे कित्येक दिवस तिला ते न विचारणंच टोचत राहिलं.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास गल्लीत ढोल वाजू लागला. कुणाचं लग्न असेल म्हणून जयंत गॅलरीत गेला आणि तिथूनच ओरडला, “आई, त्याला आणलंय!”

कागदोपत्री ती घटनास्थळाची पाहणी होती. प्रत्यक्षात गल्लीच्या तोंडापासून त्यांच्या फाटकापर्यंत दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, हात वर, हातात फोन. पुढे निरीक्षक, त्यांच्या गळ्यात खंडेलवालजींनी घातलेला झेंडूचा हार. मागे दोन शिपायांच्या मध्ये एक किडकिडीत मुलगा. चेहरा उघडा. त्याने कान धरले होते आणि दर चार पावलांवर कुणीतरी ओरडलं की तो म्हणायचा, “अब नहीं करूँगा.” आवाज ऐकू जात नसे, म्हणून लोक पुन्हा म्हणायला लावत. वरच्या गच्चीवरून पाकळ्या पडत होत्या.

अनुया गॅलरीत उभी राहिली. तिलाही पाहायचं होतं. पंधरा दिवस जी बोटं ती फोनवर थांबवून थांबवून पाहत होती, ती तिला खरी पाहायची होती. पण नजर बोटांवर गेलीच नाही, पायांवर गेली.

तो तळवे टेकवत नव्हता. पावलाच्या बाहेरच्या कडेवर, खेकड्यासारखा चालत होता. अशी चाल ती ओळखत होती. पडून लागलेला माणूस एका पायाने लंगडतो. दोन्ही पायांनी असा चालतो तो तळव्यांवर मार खाल्लेला.

“अनुया, मला खाली घेऊन चाल,” मागून शकुंतलाबाई म्हणाल्या. त्या आपणहून पुढच्या खोलीत आल्या होत्या, घरी आल्यापासून पहिल्यांदा. डोळ्यांत चमक होती.

फाटकाशी आता तो त्यांच्यापासून दोन हातांवर होता. अनुयाने पाहिलं, पँट पोटऱ्यांवर तट्ट बसली होती, आतून फुगल्यासारखी. पुढच्या बाजूला ओला डाग होता, आणि त्याचा रंग काळ्या चहासारखा होता. ओठांवर पांढरी साल. तो कुणाकडे न पाहता हळूच म्हणाला, “पानी.” शिपायाने त्याची मान दाबली.

“माताजी, यही है. पहचान लीजिए,” निरीक्षक म्हणाले.

शकुंतलाबाईंनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली. “हाच आहे.”

“तो एक लगाइए. आपका हक बनता है.”

माणसं हसली. फोन जवळ आले. उजवा हात झोळीत होता, म्हणून शकुंतलाबाईंनी डावा उचलला आणि त्याच्या गालावर एक थापड ठेवून दिली. फार जोराची नव्हती, पण तो मुलगा हलला, कारण त्याला धड उभंच राहता येत नव्हतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. ‘माताजी की जय’ झाली. आणि शकुंतलाबाई हसल्या. त्या दुपारी त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, जयंतला ठेचा आणखी मागितला आणि अमरावतीला बहिणीला फोन लावून सगळं सांगितलं.

अनुया ताट सोडून ओट्यापाशी गेली, परत आली, गॅलरीत गेली, परत आली. शेवटी तिने अभिनवला फोन केला.

“त्याची पँट काढायला लावली होतीस?”

“नाही, मॅडम.”

“तळवे पाहिलेस?”

“शिपाई तिथेच उभा होता. मॅडम, तुमच्या घरचं प्रकरण. सगळ्या डिपार्टमेंटला माहीत होतं. मला वाटलं, तुम्हाला हेच हवं असेल.”

अनुयाने फोन खाली ठेवला. तिने त्याला तसं कधी सांगितलं नव्हतं. पण ग्रुपवर अंगठा दाबला होता, आणि कॅन्टीनमध्ये गप्प बसली होती. अभिनवने ओळखलं ते अगदीच चूक होतं का?

जयंत टीव्हीसमोर होता. तिने टीव्ही बंद केला.

“त्याच्या पायांचे स्नायू चेचलेत. त्यांचं विष रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं बंद पडतात. डाग पाहिलास तू? तो दोन-तीन दिवसांत मरू शकतो.”

“दुपारी त्याला पुन्हा मॅजिस्ट्रेटपुढे नेलंय. तिथून तुरुंगात. तिथे डॉक्टर असतात.”

“अभिनवचा कागद सांगतो की त्याला काही झालेलं नाही.”

“मग तू काय करणार?” जयंतचा आवाज चढला. “मतलब, ज्याने आईला फरफटवलं त्याच्यासाठी तू धावणार? आज आई जेवली, अनुया. नीट जेवली. तेवढं तरी राहू दे ना.”

“त्याला शिक्षा व्हावी असं मलाही वाटतं.”

“मग?”

ती म्हणाली, “मला माहीत आहे आणि मी गप्प बसले, असं मला नाही चालणार,” आणि ते तिला अपुरं वाटलं.

तासाभरात तिने ओळखीपाळखीतून तुरुंगाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा नंबर मिळवला. ते वयस्क होते, झोपेतून उठल्यासारखे बोलले. तिने सांगितलं, आज दुपारी आलेल्या हंसराजला लघवी कसल्या रंगाची होते ते विचारा, रक्त तपासा, उशीर करू नका.

“तुम्ही त्याच्या कोण?” त्यांनी विचारलं.

“त्याने ज्यांची साखळी तोडली, त्यांची सून.”

ते म्हणाले, “थांबा, मी आत जाऊन पाहतो.”

संध्याकाळी सात वाजता हंसराजला मोठ्या रुग्णालयात हलवलं. पुढच्या नऊ दिवसांत चार वेळा डायलिसिस करावं लागलं. तो वाचला. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी अनुयाने न्यायालयात लेखी निवेदन दिलं: काय पाहिलं, कुठून पाहिलं, अभिनव फोनवर काय म्हणाला. अभिनवचं नाव लिहिताना पेन थांबलं होतं. मग तिने ते लिहिलं, आणि पुढे स्वतःचंही लिहिलं, की संशय असून मी शनिवारी विचारलं नाही.

न्यायालयाने डॉक्टरांचं मंडळ नेमलं. मंडळाने सतरा जखमा नोंदवल्या. निरीक्षकांची बदली झाली, चौकशी सुरू झाली. अभिनवकडे खुलासा मागितला गेला. दालनात त्याने आपलं टेबल खिडकीकडे वळवून घेतलं आणि तिच्याशी बोलणं बंद केलं.

बातमी कॉलनीत पोचायला दोन दिवस लागले. ग्रुपवर तिचं नाव कुणी घेतलं नाही. ‘कुछ लोगों को अपनी सास से ज़्यादा चोर प्यारे हैं,’ एवढंच आलं. त्याखाली एकोणसत्तर अंगठे. अनुयाने ते मोजले, आपण मोजतोय याची लाज वाटूनही मोजले. खंडेलवालजी घरी आले, पाणी घेतलं नाही. “डॉक्टर साहब, हम तो आपके ही लिए लड़ रहे थे,” ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, आणि त्यामुळे तिला त्यांचा धड रागही करता येईना.

पण सगळ्यात कठीण घर झालं. शकुंतलाबाईंनी आठवडाभर तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. आठव्या दिवशी खांद्याचा व्यायाम करवून घ्यायला ती बसली, तेव्हा त्या भिंतीकडे पाहत म्हणाल्या, “माझा हात मोडला तव्हा एवढी धावली होती का तू?”

“धावले होते, आई. रात्रंदिवस होते तुमच्याजवळ.”

“माझ्याजवळ होती. माझ्यासाठी कोणाला फोन केला? कोणाला कागद लिहून दिला? त्याच्यासाठी केला.”

अनुया त्यांचा हात धरून बसून राहिली. खरंच, सासूबाईंसाठी तिने काही लिहून दिलं नव्हतं. तिला वाटलं होतं, ते काम बाकी सगळे करतायत.

चार महिन्यांनी हंसराजला जामीन मिळाला. कॉलनीने त्याचंही खापर अनुयावर फोडलं. सरकारी वकीलबाई मात्र वैतागल्या त्या वेगळ्याच गोष्टीवर. त्यांनी शकुंतलाबाईंना कार्यालयात बोलावून समजावलं. आरोपीचा चेहरा झाकून ठेवायचा असतो. मग तुरुंगात, त्याच्यासारख्या आठ-दहा जणांत उभं करून फिर्यादीला विचारायचं असतं, यातला कोण? ती खरी ओळख परेड. “इथे अख्ख्या शहराने तुमचा व्हिडिओ पाहिलाय, माताजी. आता तुमच्या ओळखण्याला कोर्टात काय किंमत राहिली?”

“माझ्या थापडीनं?” शकुंतलाबाईंनी विचारलं.

“थापडीनेही. वरातीने जास्त.”

त्या दिवसापासून शकुंतलाबाई अनुयाशी कामापुरतं बोलू लागल्या. पण अस्वस्थ झाल्या. पोथी उघडायच्या, मिटायच्या. दुपारी पडल्या पडल्या उठून बसायच्या. एकदा अनुया ड्युटीवरून आली तर त्या फाटकाशी उभ्या होत्या, अगदी त्या दिवशी जिथे उभ्या होत्या तिथे, आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहत होत्या. “काय पाहताय, आई?” म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “काही नाही. अंतर पाहून राहिली.”

साक्षीची तारीख लागली तेव्हा दीड वर्ष उलटलं होतं. आरोपीच्या वकिलाने व्हिडिओ लावला. त्यात ढोल होता, टाळ्या होत्या. फाटकाशी कोण काय बोललं ते काहीच ऐकू येत नव्हतं. हंसराज कोपऱ्यात उभा होता, आता जरा भरलेला, शर्ट इस्त्रीचा. त्याने एकदाही मान वर केली नाही.

वकिलाने विचारलं, “थप्पड मारण्याआधी पोलिसांनी तुम्हाला सांगितलं होतं का, की हाच तो चोर?”

मागे खंडेलवालजी बसले होते. त्यांनी नकारार्थी मान हलवली, अगदी हळूच, माताजींना दिसेल अशी. नाही म्हटलं असतं तर कुणाला कळलं नसतं. जवळ होते ते पोलीस आणि कॉलनीतलेच लोक; अनुयाही होती, पण तिला कुणी साक्षीला बोलावलं नव्हतं.

“हो,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “यही है, म्हणाले.”

“आणि तुम्ही स्वतःहून ओळखलंत का? घटनेच्या वेळी चेहरा पाहिला होता?”

त्यांनी कठड्यावर डावा हात ठेवला. न्यायाधीशांनी पाणी मागवलं, ते त्यांनी नको म्हटलं.

“मला हात दिसला होता,” त्या म्हणाल्या. “नुसता हात. चेहरा नाही पाहिला मी. त्या दिवशी फाटकाशी सगळे म्हणत होते हाच, म्हणून मी म्हटलं हाच.”

खंडेलवालजी उठून बाहेर गेले. सरकारी वकीलबाईंनी डोळे मिटले.

परतताना गाडीत जयंत पुढे बसला होता. टोंक रोडच्या सिग्नलला गाडी थांबली. शकुंतलाबाई मागे अनुयाशेजारी होत्या. त्या खिडकीबाहेर पाहत बोलल्या.

“मला बरं वाटलं होतं, अनुया. त्याला मारलं तव्हा. लई बरं वाटलं होतं. पंधरा दिवस झोप नव्हती आली, त्या दिवशी आली.”

“मला ठाऊक आहे, आई.”

“तुला राग नाही आला माझा?”

“मी गॅलरीत उभी राहून पाहतच होते की. पाय दिसले नसते तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या.”

शकुंतलाबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं, खोटं बोलते का ते तपासल्यासारखं. मग पुन्हा बाहेर. “पण केलं तूच,” त्या म्हणाल्या. यात कौतुक होतं की ठपका, हे अनुयाला कळलं नाही.

निकाल उन्हाळ्यात लागला. ओळख ग्राह्य धरली नाही. साखळीचा तुकडा मात्र खोलीत मिळाला होता, तो टिकला. चोरीचा माल बाळगल्याबद्दल हंसराजला दीड वर्षाची शिक्षा झाली. जबरदस्तीने हिसकावल्याबद्दल आणि खांदा मोडल्याबद्दल कुणालाच काही झालं नाही. निरीक्षकांची चौकशी चालूच होती. पळालेला दुसरा मुलगा शेवटपर्यंत सापडला नाही.

वकीलबाईंनी फोन करून विचारलं, सरकारने वर अपील करावं असं फिर्यादीला वाटतं का? तसं कळवलं तर त्या शिफारस करतील. आठ दिवसांची मुदत होती.

शकुंतलाबाई म्हणाल्या, “सांगते.”

मंगळवारी त्या अपील करायचं म्हणाल्या. “त्याने केलं तर आहेच ना? मग काहून सोडायचं?” बुधवारी नको म्हणाल्या. गुरुवारी त्यांनी जयंतला विचारलं, मग अनुयाला. दोघांची उत्तरं ऐकून दोघांवरही चिडल्या. खांदा अजून पूर्ण वर जात नव्हता. वेणी घालायला अनुया लागायची. शुक्रवारी दुपारी ती मागे बसून केस विंचरत होती, तेव्हा त्यांनी तिच्या हातातला कंगवा थांबवला.

“तू माझ्या जागी असती तर?”

“मी तुमच्या जागी नाही, आई.”

“तेच तर,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “सगळे होते माझ्या जागी. अख्खी गल्ली होती.” त्या उठल्या, अर्धी वेणी तशीच पाठीवर, आणि पुढच्या खोलीत गेल्या. तिथे त्या खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालू लागल्या. बाहेर एक मोटारसायकल गेली. त्या थबकल्या, पुन्हा चालू लागल्या.

अनुया कंगवा हातात घेऊन दारात उभी होती. मुदत संपायला अजून दोन दिवस होते.